पुनवेची येळवस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रानात खोप बांधली. कडब्याच्या पेंढ्या मी उभ्या धरायच्या आणि वर गाठ तिनं मारायची. माझी गाठ तिला जन्मात पटली नाही. त्या दिवशी मी एक मारली तर तिनं ती सोडली आणि पुन्हा स्वतः मारली. मी म्हणालो, "मग मला कशाला आणलंस?"

"धरायला," ती म्हणाली.

"धरून धरून हात भरून आले."

"मग हात बदला. दुसरा दिलाय की देवानं."

अशी बाई. दुपार उतरेपर्यंत आम्ही तोंडानं भांडत होतो आणि हातानं काम करत होतो. खोपीचं तोंड पूर्वेला करायचं की विहिरीकडं, यावरूनही झालं. विहिरीकडं केलं तर पाणी आणायला सोपं पडतं, हे माझं म्हणणं. तोंड पूर्वेलाच असतं, हे तिचं. पूर्वेला झालं. मग तिनं आतली जमीन शेणानं सारवली, विहिरीवर हात धुतले आणि म्हणाली, "झालं. आता उद्या त्यो येऊ द्या."

तो म्हणजे आमचा मुलगा.

बाहेरच्या माणसाला येळवस माहीत नसते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. मार्गशीर्ष संपतो त्या अमावस्येला, ऐन थंडीत, ज्वारी छातीला लागलेली आणि हरभरा घाट्यावर आलेला असतो तेव्हा ती येते. आमच्या सोनपेठ-गंगाखेडच्या अंगाला, आणि तिकडं खाली लातुराकडं, ती दिवाळीच्या वर. रानात कडब्याची खोप करायची, आत पाच दगड चुना लावून पांडव म्हणून बसवायचे. ताकातली आंबील, सगळ्या शेंगा आणि पाला घातलेली भज्जी, बाजरीचे उंडे, हे तिथंच बसून जेवायचं. बांधावरून जो जाईल त्याला ओढून आणून बसवायचं. ज्याच्याशी वर्षभर बोलणं नाही त्याच्याही खोपीत जाऊन घास खायचा, अशी रीत आहे. परगावी नोकरीला गेलेली पोरं त्या दिवशी घरी येतात. मानवतच्या अडतीवर कामाला असलेली येतात, पलटणीतली येतात. गावात माणूस सापडत नाही, सगळं रानात.

आमचं पोरगं तेवढं येत नसे.

आणि आम्ही त्या दिवशी खोप बांधत होतो ती अमावस्येची नव्हे. ती होऊन गेली होती. ही पौषातल्या पुनवेची येळवस. अशी येळवस असते हे कुणी ऐकलेलं नाही, कारण ती नसतेच. ती आमच्या घरातून निघाली. गावात आता तिचं भलतंच सांगतात. ऐकून ऐकून माझे कान किटले, म्हणून लिहून टाकतो. मी निजामाच्या काळात उर्दू शाळेत दोन-तीन जमाती, म्हणजे इयत्ता, केल्या, बाळबोध अक्षर पुढं पोराच्या पुस्तकावरून उचललं. तेव्हा शुद्ध-अशुद्ध कुणी बघत बसू नये.

पोलीस ॲक्शन झाली तेव्हा पोरगा परभणीला शिकत होता. त्या धामधुमीत शाळा बंद, मग शाळा चालू, मग उर्दूतलं सगळं बदलून दुसरंच काही. त्यातून तो पार झाला आणि हैदराबादेला कॉलेजात गेला. माझा हिशेब साधा होता. शिकेल, तहसीलीत कारकून लागेल, सुट्टीला सायकलवर घरी येईल. आमच्या घरात आजवर कुणी खुर्चीवर बसलं नव्हतं. तर हा शिकून आला आणि सांगतो, मला वेधशाळेत जागा मिळाली.

"ती काय असती?" मी विचारलं.

"तिथं तारे बघतात, बा."

"तारे इथं दिसत न्हाईत व्हय? आपल्या रानातल्या आखाड्यावर बाज टाकून पड. फुकटात."

तो हसला. मला हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

पहिली वर्षं त्यानं कशात घालवली ते ऐका. आधीच्या लोकांनी काचेवर आभाळाचे फोटो काढून ठेवले होते. त्या काचांवरचा एकेक ठिपका कुठं आहे ते मोजायचं आणि मांडून ठेवायचं. दिवसभर एका डोळ्यानं भिंगातून ठिपके. मी एकदा तूप घेऊन गेलो होतो, तेव्हा बघून आलो. मोठ्या घुमटाला दिवसा कुलूप. मी म्हणालो, एवढ्या लांबून आलोय, उघडून दाखवा. तर तिथला माणूस म्हणतो, दिवसा काय दिसणार. मी तसाच परत आलो. गावात लोकांनी विचारलं काय बघितलंस, तर मी सांगितलं, कुलूप.

पुढं त्याला स्वतःचं काम मिळालं. दुर्बिणीवर बसायचं काम. आणि तिथून आमच्या घरात कटकट सुरू झाली.

हे काम अंधाराचं. आभाळात चांद असला की त्याच्या उजेडात बाकीचं बारीकसारीक पुसून जातं. याला जे बघायचं होतं ते तर पुसटातलं पुसट. म्हणून अमावस्येच्या मागच्यापुढच्या रात्री त्याच्या. त्याही पावसाळ्यातल्या नाही, ढग असतात. थंडीतल्या, कोरड्या, स्वच्छ. आता आपले सण बघा. दिवाळीचं लक्ष्मीपूजन अमावस्येला. येळवस अमावस्येला. पोळाही अमावस्येलाच, पण तो पावसाळ्यात, तेव्हा हा मोकळा असायचा. म्हणजे पोळ्याला येऊन बैलाबरोबर पुरणपोळी खाऊन जायचा, आणि बाकी सणांना आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघायची. त्याचं लिहिलेलं यायचं की या वेळी जमत नाही, रात्री मिळाल्यात. रात्री काय मिळतात? आम्हाला रोज मिळतात.

ती मात्र त्याचीच बाजू घ्यायची, आणि मागून माझ्यापाशी कुढायची. यानं माझं डोकं फिरायचं. "एक तर त्याला सांग ये म्हणून, न्हाईतर गप बस," मी म्हणायचो. ती दोन्ही करायची नाही.

खरं दुखणं पुढं निघालं. गावात कुणीतरी काढलं की याचा पोरगा अमावस्येला झोपत नाही. रात्रभर जागतो, अंधारात बसतो, शेकोटीसुद्धा पेटवत नाही. हे सगळं खरं होतं, मीच सांगितलेलं. शेकोटी पेटवत नाहीत कारण तापल्या हवेनं तारा हलताना दिसतो, हे त्यानंच मला सांगितलं होतं. मी ते भोळेपणानं पारावर बोललो. पण आपल्याकडं अमावस्येला जागणारा माणूस काय करत असतो, हे लोकांनी ठरवून ठेवलेलं आहे. करणी. मंतर सिद्ध करायला बसतो म्हणाले. कुणाची म्हैस आटली की माझ्याकडं बघायचे. वालूरकडचं एक स्थळ आलं होतं, चांगलं खाऊनपिऊन असलेलं घर. बोलणी सुपारीपर्यंत आली आणि मुलीचा चुलता मला बाजूला घेऊन म्हणतो, "पाव्हणं, राग मानू नका. मुलगा अमावस्येचं काय करतोय, तेवढं साफ सांगा."

मी म्हणालो, "चांदण्यांची बाळंतपणं करतोय."

तो उठला तो उठलाच. तिनं आठ-पंधरा दिवस माझ्याशी नीट बोलणं टाकलं. पण मी खोटं बोललो नव्हतो.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात पोरगा आला होता आणि त्याचं काम त्यानं आम्हाला पहिल्यांदा नीट समजावून दिलं होतं. बाहेर पाऊस, आम्ही ओसरीवर, ती शेंगा फोडत होती. त्यानं सांगितलं की आपल्याला दिसतात त्या सगळ्या चांदण्या मिळून एक गाव आहे. आभाळातला तो पांढरा पट्टा म्हणजे त्याच गावाची दाट वस्ती. आणि याच्या पल्याड, लय लांब, अशीच दुसरी गावं आहेत, एकेका गावात मोजता न येणाऱ्या चांदण्या. पण लांबून ती नुसती धुरकट दिसतात. त्या गावांत नव्या चांदण्या कुठं जन्मतात, ते हा शोधत होता. धूळ आणि हवा अंधारात गोळा होते, आपल्याच भारानं दबते, तापते आणि पेटते. जिथं धुळीचे काळे पट्टे, तिथंच जवळ नवे तारे, असं काहीतरी.

त्यानं पिशवीतून एक कागद काढला, म्हणाला, हे बघा, मी काढलेला फोटो. मी हातात घेतला. कागद पांढरा आणि त्यावर काळे ठिपके.

"उलटा छापलाय," मी म्हणालो. "आभाळ पांढरं आणि चांदण्या काळ्या."

"आमी असंच बघतो, बा. असं बारीक दिसतं."

इतकी वर्षं घालवून रंगसुद्धा उलटे. तिनं कागद घेतला, उजेडाकडं धरला, पदर ओला केला आणि मधला एक मळकट डाग पुसायला लागली. "चांगल्या फोटूवर कुणी बोट लावलंय," म्हणाली.

"माय, माय, त्यो डाग न्हाई," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच तर बसलो हुतो."

तिनं पदर काढला. डागाकडं बघितलं. मग त्याच्याकडं बघितलं. अंगात मांस राहिलं नव्हतं पोराच्या.

"एक चांदणी जन्माला यायला किती वख्त लागतो?" तिनं विचारलं.

"लाखो वर्षं लागतात, माय. न्हाईतर त्याच्याहून जास्त."

"मग तू एका येळवशीला घरी आल्यानं तिचं काय बिघडतंय? तू वापस जाईस्तोवर ती काय पेटून इझणार हाय?"

मी खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. इतकी वर्षं मला जे विचारायचं होतं ते तिनं विचारलं. त्याचंही उत्तर होतं त्याच्यापाशी. म्हणाला, एक चांदणी जन्मताना बघायला कुणी बसत नाही, माणसाची तेवढी जिंदगी कुठं. पण आपण गावातून एक चक्कर मारली की तान्हं लेकरू दिसतं, लग्नाळू पोरं दिसतात, काठी टेकणारा म्हातारा दिसतो. सगळ्यांना एकदाच बघून आयुष्य कसं जातं ते कळतं. तसंच हे. जितकी जास्त गावं बघावी तितकं कळतं, आणि बघायच्या रात्री मोजक्या, त्याही मोठ्या साहेबांमध्ये वाटून घ्यायच्या.

"मग आपल्या गावातबी एक चक्कर मार की," ती म्हणाली. "उजेडात. लोकं काय म्हणायलेत तुला ठाव न्हाई."

मग तिनं त्याला करणीचं सांगितलं. मी नको म्हणत होतो. तो आधी हसला, मग त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, "माय, अमावस्येला मला येता येत न्हाई. पुनवेला म्हणशील तर येतो. पुनवेला आमच्याकडं कामच नसतं."

हे त्यानं सहज म्हटलं होतं. तिनं ते धरून ठेवलं.

नंतर राज्यांची वाटणी झाली. आम्ही मुंबई राज्यात आलो, हैदराबाद तिकडं तेलंगी मुलखात राहिलं. लोक मला म्हणायचे, तुझा पोरगा आता परमुलखात. मी म्हणायचो, तो आधीपासूनच आहे. त्याचं काम चालूच होतं. एक सबंध थंडी धुक्यानं वाया गेली, एकदा काचा खराब निघाल्या. मग कुठं त्याचं काहीतरी विलायतेच्या एका मासिकात छापून आलं. घरी आला तेव्हा दाखवलं. चार पानं. मी उलटून बघितलं मागं अजून आहेत का. इतक्या अमावस्या आणि चार पानं. तिनं मात्र ती पानं देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. त्यावर कुंकू लावू नको म्हणून मला ओरडावं लागलं.

आणि त्या साली, अमावस्येची येळवस झाली त्याच संध्याकाळी, भांडी घासताना ती म्हणाली, "येत्या पुनवेला आपुन पुन्हा येळवस करू."

मला वाटलं थकली आहे, काहीही बोलते.

"त्यो पुनवेला येतो म्हणलाय. मी कारडावर लिहून घेतलं मास्तरकडून. सगळ्या गावाला जेवायला बोलवायचं. उन्हात, रानात, सगळ्यांसमोर त्यो बसंल आन् जेवंल. मग बघू कोण काय म्हणतंय."

"पुनवेला येळवस नसती."

"मी करीन तवा असंल."

मी माझ्या परीनं सांगून बघितलं. रान आमचं आणि थोरल्या भावाचं एकत्र, मधे नुसती धुऱ्याची, म्हणजे बांधाची, खूण. त्याला विचारल्याशिवाय विहिरीवर खोप कशी करणार. ती म्हणाली, मग विचारा. मी विचारलं. थोरला पारावर बसला होता. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाला, "पुनवेला येळवस? मग शिमगा दिवाळीला करा. पोळ्याला बैलाऐवजी मला सजवा."

लोक हसले. मी घरी येऊन सांगितलं. ती तशीच उठून त्याच्या घरी गेली. उंबऱ्याच्या आत न जाता बाहेरूनच बोलली, दीर म्हणून पदर घेऊन, पण आवाज काही खाली नव्हता. "भावजी, खोप आमच्या अंगाला बांधू. तुमच्या अंगाला एक काडी येऊ देणार न्हाई. तुमी जेवायला या, न्हाईतर नका येऊ."

थोरला आत होता तिथूनच म्हणाला, "पांडव वर्षातून एकदाच बसतात. दोनदा बसवले की घरातलं माणूस उठतं. आपल्या बापानं सांगून ठेवलंय."

आमच्या बापानं असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. बाप फार बोलायचा नाही. पण थोरल्याला बापाचं सगळं माहीत असतं, आणि जे माहीत नसतं तेही असतं.

ती दारोदार जाऊन आमंत्रण देऊन आली. बायका हो म्हणाल्या. पुरुष म्हणाले बघू. तिला तेवढं पुरे होतं. छातीत कळ येते असं ती दिवाळीपासून म्हणत होती. परभणीला मोठ्या दवाखान्यात चल म्हटलं की पुनव होऊ द्या म्हणायची. त्याच्या आधी म्हणायची कापूस होऊ द्या. माझ्या हातात होतं ते मी बोललो. तिला उचलून नेणारा माणूस अजून जन्मायचा होता.

तर खोप बांधून आम्ही घरी आलो. चांद वर आला होता, जवळजवळ पुरा. मी बैल बांधले, वैरण टाकली. ती आत ताकात ज्वारीचं पीठ कालवत होती, आंबील रात्रभर मुरावी लागते. चुना लावलेले पाच दगड तिनं कोपऱ्यात वाळत ठेवले होते. मला आतून म्हणाली, "जरा पाठ टेकते." मी म्हणालो, "टेक." अजून काय म्हणणार. थोड्या वेळानं अंधारलं तरी आत दिवा दिसेना. मी बाहेरूनच म्हणालो दिवा लाव. मग आत गेलो.

पीठ कालवलेला हात तसाच होता.

शेजारचे आले, मग गाव आलं. थोरला आला. आला तो आधी उंबऱ्यावर टेकला, डोळे पुसले. खरे पुसले, मी बघितलं. आणि मग म्हणाला, "सांगितलं हुतं मी. पांडव दोनदा बसवू नका."

ते ऐकून माझं रडू मागंच राहिलं. मी म्हणालो, "दादा, पांडव बसलेच न्हाईत. निस्ती खोप बांधली. दगड हितं घरात पडलेत, बघ."

"खोप बांधली म्हंजी बसवल्यागतच."

"मग गवंड्यानं घर बांधलं की त्यात त्यो राहायला गेला व्हय?"

बायका आत रडत होत्या आणि आम्ही दोघं म्हातारे दारात दगडांवरून वाद घालत होतो. मला ते कळत होतं. पण मी थांबलो नाही, कारण मागं बसलेल्या माणसांत कुजबूज सुरू झालेली मला ऐकू येत होती. पोराचं नाव येत होतं त्यात. करणी करणाऱ्याच्या पायी माय गेली, पुनव बाटवली, असलं.

मग दुसरी तकरार. थोरला म्हणाला, आत्ताच उचलू, मढं रातभर घरात कशाला. मी म्हणालो, "त्याची माय हाय. सकाळच्या गाडीनं त्यो यायलाय. त्यो आल्यावर."

"आला तर. आजवर कवा आलाय?"

दिवाळीला नाही, येळवशीला नाही, चुलतबहिणीच्या लग्नाला नाही. मी एवढंच म्हणालो, "पुनव हाय. पुनवेला येतो."

मला स्वतःला भरवसा होता का? नव्हता. त्याचे साहेब, त्याच्या काचा, कधी काय निघेल सांगता येत नाही. पण मी थांबवलं. तिच्याजवळ बायका बसल्या. पुरुष अंगणात घोंगड्या पांघरून बसले.

पहाटेला थोरला उठला आणि आपल्या गड्याला म्हणाला, गाडी जुंप, स्टेशनावर जाऊन पोराला घेऊन ये. तो गडी मला माहीत होता. स्टेशनापासून गावापर्यंत त्याचं तोंड बंद राहणार नव्हतं. पोरगं अर्ध्या वाटेत ऐकणार होतं की तुझ्यामुळं तुझी माय गेली, आणि ते एकदा त्याच्या कानात गेलं की मग मी कितीही सांगितलं तरी उपयोग नव्हता. त्याच्या डोक्यात गेलेली गोष्ट निघत नाही. तारे बघायचे म्हणाला ते निघालं का?

मी उठलो आणि बैल सोडले.

"अरे, तू कुठं?" थोरला म्हणाला. "मढं सोडून घरधनी जातो व्हय?"

"मी जाणार."

"लोकं काय म्हणतील?"

"जे रातीपासून म्हणायलेत तेच म्हणतील."

गाडीवाट मला पाठ होती म्हणून बरं, मी वाटेकडं बघत नव्हतो. गंगाखेडच्या स्टेशनावर पोचलो तर गाडी उशिरा. किती उशीर ते कुणालाच माहीत नाही. स्टेशनमास्तर म्हणाला येईल. मी विचारलं कधी. तो म्हणाला आल्यावर. माझ्या तोंडावर आलं होतं की घरी बायकोचं प्रेत ठेवून आलोय, तुझ्या गाडीला सांग. पण सांगून गाडी थोडीच पळणार होती. मी फलाटाच्या टोकाला लिंबाखाली उभा राहिलो. बसलो असतो तर उठवलं नसतं.

गाडी आली. माणसं उतरली, बोचकी, कोंबड्या, एक नवरी. तो दिसेना. डबे निम्मे रिकामे झाले तरी दिसेना, आणि मला थोरल्याचं बोलणं आठवायला लागलं. तेवढ्यात सगळ्यात मागल्या डब्यातून तो उतरला. हातात पत्र्याची पेटी, गळ्यात मफलर. मला बघून हसला. मग हसू थांबलं, कारण त्याला आणायला मी कधीच स्टेशनावर गेलो नव्हतो.

"बा, तुमी कामून आलाव? गडी न्हाई आला?"

मी वाटेत ठरवलं होतं आधी त्याला पाणी पाजायचं, मग गाडीत बसवायचं, मग सांगायचं. यातलं काही झालं नाही. तिथंच उभ्या उभ्या म्हणालो, "तुझी माय काल दिवेलागणीला गेली. छातीत दुखत हुतं तिच्या, दिवाळीपासनं. दवाखान्यात आली न्हाई."

त्यानं पेटी खाली ठेवली. मग तिच्यावरच बसला. लोक वळून बघत होते, मी त्यांच्या आणि त्याच्यामधे उभा राहिलो.

तो म्हणाला, "अमावस्येला आलो असतो तर—"

"तू आला नसतास," मी म्हणालो. "ते आता कशाला काढतोस. तुला पुनवेला बोलवलं, तू पुनवेला आलास. तिला पक्कं ठाव हुतं तू येणार."

त्यानं मफलरच्या टोकानं तोंड पुसलं.

"आता मी सांगतो ते नीट ऐक," मी म्हणालो. "गावात लोकं बोलतील. तुझा चुलता बोलंल. म्हणतील पुनवेची येळवस केली म्हणून गेली. केली न्हाई. पांडव बसवलेच न्हाईत, दगड घरात हायेत. आन् बसवले असते तरी तिची छाती तिच्यापाशी हुती. तू हे कुणाशी भांडायचं न्हाई. भांडायचं काम माझं. तू निस्तं ऐकायचं आन् सोडून द्यायचं. समजलं?"

त्यानं मान हलवली. समजलं की नाही मला कळलं नाही. मी लिंबाखालच्या रांजणातून पाणी आणलं, त्याला दिलं. निम्मं त्याच्या मफलरवर सांडलं. मी पेटी उचलायला गेलो तर ती जड. मी विचारलं, "काय भरलंय हिच्यात?"

"मायनं कारडात लिवलं हुतं, लोकांना दाखवायला आभाळाच्या फोटूच्या काचा घेऊन ये."

मी पेटी हळू उचलली, गाडीत कडब्यावर ठेवली आणि बाजूनं गवत लावलं, म्हणजे वाटेत आदळणार नाही. मग त्याला बसवलं आणि बैल जुंपले.